कंदिलाची कांच

तिन्हीसांजा झाल्या, कीं पूर्वीं मराठी घराघरांतून एक लहानसा विधि चालत असे. ओसरीच्या कोपऱ्यांत घरांतले सगळे कंदील आणून ठेवावयाचे. चुलींतली चाळलेली राख एका करवंटींत घ्यावयाची, जुन्या धोतराचें एखादें मऊ फडकें घ्यावयाचें, आणि एकामागून एक कांचा पुसून काढावयाच्या. कांचेच्या अरुंद तोंडांतून मोठ्या माणसाचा हात आंत जात नसे. म्हणून हें काम लहान मुलांच्या, व त्यांतहि बहुधा मुलींच्या, वांट्यास येई. कांच पुसून झाली म्हणजे ती उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, तिच्यांतून आकाश पाहावें. कोठें काजळीचा डाग राहिला असला तर तोंडाची वाफ आंत सोडून पुन्हा फडकें फिरवावें. मग वात कातरून सारखी करावी, बुडाच्या टाकींत घासलेट भरावें, आणि हात कितीहि धुतले तरी न जाणारा तो वास तसाच घेऊन देवापुढें सांजवात लावावयास जावें. शुभंकरोति आटोपल्यावर कंदील पेटे, आणि पुसलेल्या कांचेंतून पहिला पिंवळा उजेड भिंतीवर पसरला म्हणजे घर खरोखरच घरासारखें दिसूं लागे. दिवसाच्या सबंध खटाटोपांत एवढें स्वस्त सुख दुसरें नव्हतें. आणि त्याच्या पाठीस लागलेली एक काळजीहि रोजचीच असे : आज कांच तडकली तर?

इतका लहान विषय इतिहासाच्या पंक्तीला बसवावा काय, अशी शंका कोणास आल्यास त्यांत नवल नाहीं. इतिहास म्हटला, कीं आपल्या डोळ्यांपुढें तह, स्वाऱ्या, कायदे आणि परिषदा उभ्या राहतात. परंतु माणसाच्या आयुष्याचे दिवस मोजले तर तहांच्या वांट्यास त्यांतले फार थोडे येतात. बाकीचे सारे अशाच बारीकसारीक सुखांत व बारीकसारीक विवंचनांत जातात. प्रस्तुत लेखांत दिव्याच्या निमित्तानें एवढेंच पाहावयाचें आहे, कीं गेल्या दीडशें वर्षांत आपल्या घरांतलें हें एक सुख कसकसें बदललें, आणि त्या सुखासाठीं लागणारी काळजी कोणीं वाहिली. हे दोन हिशेब एकत्र मांडण्याची आपली रीत नाहीं. ज्याच्या पुस्तकावर उजेड पडतो त्याला कांच कोणीं पुसली हें ठाऊक नसतें. आणि जिनें ती पुसली तिला पुस्तक उघडावयास सवड नसते.

घासलेट येण्यापूर्वीं आपल्याकडे दिवा म्हणजे तेलाचा दिवा. देशावर करडई, कारळे, तीळ यांचीं तेलें. कोंकणांत उंडी, करंज व खोबरेल. आणि एरंडेल तर बहुतेक सर्वत्र. यांपैकीं उंडी-करंजाचें तेल कडू, तें जाळण्याच्याच कामाचें. पण करडईचें किंवा तिळाचें तेल जें समईंत जळे तेंच फोडणींतहि पडे. दिवा अधिक वेळ ठेवणें म्हणजे ताटांतलें तेल जाळणें, हें गृहिणीला शिकवावें लागत नसे. म्हणून दिवस मावळतांच जेवणें उरकावीं, भांडीं आवरावीं, आणि एकच पणती कोनाड्यांत ठेवून निजावें, असा सामान्य घराचा क्रम होता. शिवाय हें तेल जाड. तें वातींतून सावकाश वर चढतें. थोड्या वेळानें वातीवर कोळी धरे व ज्योत मंद होई. मग कोणी तरी उठून वात पुढें सारावी लागे. समई हें बसल्या जागीं विसरतां येण्यासारखें साधन नव्हतें. तिला सोबत लागे. ‘डोळ्यांत तेल घालून जागणें’ हा आपला वाक्प्रचार याच घरांत जन्मला, जेथें दिव्यांतलें तेल आणि डोळ्यांतली झोंप यांचा रोज झगडा चाले.

दिवा लावावयास विस्तव पाहिजे. चुलींतला निखारा राखेखालीं जपून ठेवणें हेंहि बायकांचेंच काम. तो विझला तर शेजारणीकडे पळी घेऊन जावें, नाहीं तर चकमक झाडावी. घांसून पेटणारी काडी इंग्लंडांत जॉन वॉकर या औषधविक्यानें १८२७ सालीं प्रथम विक्रीस काढली. पुढें स्वीडनमध्यें निर्धोक आगपेटी तयार झाली, आणि शतक संपण्यापूर्वीं ती आपल्या बाजारांत रुळली. शेजारणीकडे विस्तव मागावयास जाणें बंद झालें, तेव्हां एक तसदी कमी झाली; आणि संध्याकाळचे चार शब्द बोलण्याचें एक निमित्तहि तिच्याबरोबर गेलें.

या जुन्या दिव्यांच्या काळजीचा एक साक्षीदार आपल्याजवळ आहे. आषाढ अमावास्येस आपण दिव्यांची अवस म्हणतों. त्या दिवशीं घरांतले सारे दिवे घांसूनपुसून पाटावर मांडतात व त्यांची पूजा करतात. या अवसेची कहाणी बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. तींतली सून घरांतला खाऊ स्वतः खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणांत नेऊन टाकतात. आणि तिची बेअब्रू होऊन तिला घराबाहेर काढण्यांत येतें. ही सून घरांतले दिवे रोज स्वतः घांशीत असे, वाती घालीत असे, अवसेला त्यांना नैवेद्य दाखवीत असे. ती गेल्यावर दिव्यांकडे कोणी पाहीना. अवसेच्या रात्रीं राजा शिकारीहून परततांना एका झाडाखालीं थांबला असतां गांवचे दिवे त्या झाडावर जमून एकमेकांस आपापल्या घरची हकीकत सांगूं लागले. त्यांत राजाच्या घरच्या दिव्यानें आपलें दुःख सांगितलें व सुनेचें निर्दोषत्वहि सांगितलें. राजानें तें ऐकलें, चौकशी केली आणि सुनेला सन्मानानें परत आणलें.

या कहाणीकडे आपण व्रताची गोष्ट म्हणून पाहतों. पण जरा थांबून विचार केला तर तिच्यांतली मर्मज्ञता ध्यानांत येते. भरल्या घरांत या सुनेच्या बाजूनें बोलणारें एकहि माणूस नव्हतें, कारण तिचें काम कोणींच पाहिलें नव्हतें. साक्ष द्यावयास शेवटीं दिव्याला यावें लागलें. ज्या कुणा अज्ञात बाईनें ही गोष्ट प्रथम रचली तिला घरांतल्या श्रमाचा इतिहास कसा हरवतो हें पुरतेपणीं कळलें होतें.

आतां कांचेकडे वळूं. दिव्यावर कांचेची नळी ठेवण्याची युक्ति युरोपांत १७८० च्या सुमारास आर्गां नांवाच्या जिनीव्हाच्या गृहस्थानें प्रचारांत आणली. वात गोल व पोकळ करावी, मधून हवा जाऊं द्यावी आणि वर कांचेची नळी बसवावी, ही त्याची रीत. नळींतली हवा तापून वर जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. त्यामुळें ज्योत स्थिर राहते व धूर कमी होतो. नळी धुराड्याचें काम करते म्हणून इंग्रजींत तिला चिमणी म्हणतात. हा शब्द मराठींत आला आणि अंगणांतल्या चिमणीशीं त्याची गांठ पडली. गमतीची गोष्ट अशी, कीं ज्या बिनकांचेच्या टिनाच्या धुरकट दिव्याला आपण चिमणी म्हणूं लागलों, त्याला धुराडेंच नव्हतें. शब्द गरिबाच्या घरीं गेला, पण कांच गेली नाहीं.

कांचेला खरें महत्त्व आलें तें खनिज तेलामुळें. कॅनडांतील अब्राहम गेस्नर यानें १८४६ सालीं कोळशापासून दिव्याचें पातळ तेल काढून दाखविलें व त्यास केरोसीन हें नांव दिलें; १८५९ च्या ऑगस्टांत अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया प्रांतीं टायटसव्हिल येथें ड्रेक यानें खोदलेल्या विहिरीस तेल लागलें, आणि तेथून हा व्यापार जगभर पसरला. हें तेल पातळ असल्यानें वातींतून आपोआप वर चढतें. वात सारीत बसावें लागत नाहीं. परंतु कांचेवांचून जाळलें तर तें काजळी ओकतें. आपल्या लोकांनीं त्याला दोन नांवें दिलीं. ‘ग्यासलाइट’चें घासलेट झालें, आणि ‘रॉक ऑइल’ म्हणजे खडकांतलें तेल, त्याचें राकेल झालें. प्रथम अमेरिकेचें तेल आलें, मागून रशियांतील बाकूचें आलें, आणि १८८६ सालीं बर्मा ऑइल कंपनी निघाल्यावर इरावतीकांठच्या विहिरींचें तेल आपल्याकडे येऊं लागलें. गांवच्या वाण्याकडे अधोली-पावशेर मागणाऱ्या पोरीला अर्थातच यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. पण जगाच्या तीन टोंकांचा व्यापार तिच्या हातांतल्या बाटलींत येऊन पडत होता.

या व्यापाराची एक हकीकत गृहिणींच्या चातुर्याची साक्ष देते. लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युएल यानें १८९२ सालीं ‘म्युरेक्स’ नांवाच्या टाकीच्या जहाजांतून रशियाचें घासलेट सुवेझच्या कालव्यांतून पूर्वेकडे आणलें. टिनाच्या डब्यांचा खर्च वांचल्यामुळें तेल स्वस्त पडलें. लोक आपापलीं भांडीं घेऊन येतील असा त्याचा अंदाज होता. पण पूर्वेकडील गिऱ्हाइकांना तेलाइतकाच डबाहि हवा होता! अमेरिकन तेलाच्या निळ्या डब्यांनीं त्यांच्या घरांत आधींच ठाण मांडलें होतें. शेवटीं सॅम्युएलला तांबड्या रंगाचे डबे करवून त्यांत तेल भरावें लागलें. आपल्याकडेहि घासलेटचा चार ग्यालनांचा डबा रिकामा झाला म्हणजे त्याचा खरा संसार सुरू होई. तोंड कापून, आडवी काठी ठोकून त्याची पाण्याची बादली होई. झांकण लावून त्यांत धान्य, गूळ, पापड राहत. आणि पत्रा सरळ करून तो गळक्या छपरावर जाई. जगांतल्या मोठ्या व्यापाऱ्याच्या हिशेबांत जी गोष्ट आली नाहीं, ती स्वयंपाकघरांत बसलेल्या बाईला पक्की ठाऊक होती, कीं घरांत आलेली वस्तु एका कामापुरती येत नसते.

या नव्या दिव्यानें घरांतल्या रात्रीची लांबी वाढविली. जेवणें झाल्यावरहि तास दोन तास उजेड परवडूं लागला. माजघरांत मधोमध कंदील ठेवला, कीं त्याच्या भोंवतीं सगळें घर गोळा होई. मुलें पाट्या घेऊन बसत, कोणी वाती वळी, कोणी सुपारी कातरी, आजी गोष्ट सांगे, आणि भिंतीवर बोटांच्या सावल्यांचे हरीण व ससे उड्या मारीत. हा मेळा प्रेमानें जमे तितकाच नाइलाजानेंहि जमे. कारण उजेड एकच होता. पण एका उजेडांत बसावें लागल्यामुळें एकमेकांचे चेहरे पाहावे लागत, आणि कोणाचा चेहरा उतरला आहे हें न सांगतां कळे.

मात्र दिव्यांतहि पंक्तिभेद होता. सुखवस्तु घरांत दिवाणखान्यांत मोठ्या कांचेचा टेबलावरचा दिवा असे. तो कर्त्या पुरुषाचा. माजघरांत कंदील, तो सर्वांचा. आणि स्वयंपाकघरांत, जेथें चुलीचा धूर आधींच भरलेला, तेथें टिनाची चिमणी, ती बायकांची. भाकरी भाजली कीं करपली हें पाहावयाला सर्वांत कमी उजेड, आणि वर्तमानपत्र वाचावयाला सर्वांत अधिक, अशी ही वांटणी होती. ‘दिव्याखालीं अंधार’ ही म्हण आपण उपदेशासाठीं वापरतों. त्या घरांत तिचा अर्थ अक्षरशः खरा होता. आणि दुसरीहि एक विसंगति त्यांत होती. कांच पुसावयाला बोलावीत मुलीला, आणि ‘वंशाचा दिवा’ म्हणत मुलाला.

तरीहि या दिव्यानें बायकांना कांहींच दिलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. दिवसाचे सारे तास ज्यांचे दुसऱ्यांच्या मालकीचे होते त्यांना शिकावयाला मोकळी अशी वेळ रात्रीचीच होती. न्यायमूर्ति रानडे यांचा रमाबाईंशीं विवाह १८७३ सालीं झाला, आणि त्यांनीं त्यांस रात्रीच्या वेळीं शिकविण्यास आरंभ केला. घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांचा त्याला केवढा विरोध होता हें रमाबाईंच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या पुस्तकावरून सर्वांस विदित आहे. तो अभ्यास रात्रीचा होता, म्हणजेच दिव्याचा होता. घरांतल्या कामाचा एकहि तास न सोडतां जें शिक्षण मिळवावें लागलें, तें दिव्यानें दिवस लांबविला म्हणूनच शक्य झालें. अशा किती जणींनीं माजघर निजल्यावर वात बारीक करून चार पानें वाचलीं असतील, याची मोजदाद कोणत्याहि अहवालांत सांपडावयाची नाहीं.

आतां ती तडकणारी कांच. कांचेचें फुटणें हा दैवाचा खेळ नव्हता; त्याला साधें कारण होतें. तापलेली कांच प्रसरण पावते. तिच्यावर पावसाचा एक थेंब पडला, किंवा पुसतांना ओल राहिली, तर तेवढाच भाग एकदम निवून आकसतो आणि ताणामुळें तडा जातो. वात एकदम मोठी केली तरी तेंच. म्हणून दिवा लावल्यावर वात हळूहळू वाढवावयाची, कांच कोरडी ठणठणीत करावयाची, आणि नवी कांच आणली कीं ती थंड पाण्यांत बुडवून तें पाणी सावकाश उकळवावयाचें व तशीच निवूं द्यावयाची, असे उपाय घरोघर चालत. पावसाळ्यांत तर ही काळजी दुप्पट. रात्रीं गोठ्यांत जावयाचें झालें तर एका हातांत कंदील आणि दुसऱ्या हातानें कांचेवर पदराचा आडोसा, अशी कसरत करावी लागे. कांच फुटली म्हणजे जिच्या हातून फुटली तिला बोलणीं बसत. ती आधींच सदोष असेल हें कोणाच्या मनांतहि येत नसे. आणि नवी कांच येईपर्यंत फुटक्या कांचेला कागदाचें ठिगळ चिकटवून दिवस काढीत.

हें ठिगळ लावलेलें संकट एके दिवशीं राष्ट्राचें संकट होऊन बसलें. आपल्या बाजारांतल्या कांचा, तशाच बांगड्या, मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रिया व जर्मनी येथून येत. स्वदेशीच्या चळवळींत हा प्रश्न पुढें आला. अंताजी दामोदर काळे यांनीं, प्रत्येकानें वर्षाला एक पैसा द्यावा या कल्पनेवर, पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांनीं त्याला पाठबळ दिलें. आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा कांच कारखाना सुरू झाला. जपान व अमेरिका येथें ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथें तज्ज्ञ म्हणून होते. एका पैशाच्या वर्गणीनें कारखाना निघतो हें ऐकून त्या वेळीं पुष्कळांनीं मान हालविली असेल. पण कांचेच्या एका तड्यानें महिन्याचा जमाखर्च बिघडतो हें ज्या घरांत ठाऊक होतें, तेथें पैशाचें मोल कोणास समजावून सांगावें लागलें नाहीं.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल बंद पडला. दुकानांत कांच मिळेनाशी झाली. जपानी माल पुढें सरसावला. अशा वेळीं, १९१६ सालीं, ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ औंध संस्थानाच्या हद्दींत कांचेचा कारखाना काढला. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचा त्यांस आश्रय होता. याच संस्थानांत किर्लोस्करवाडी सहा वर्षें आधीं वसली होती. कारखान्याभोंवतीं वसाहत झाली ती ओगलेवाडी. कांच करणें सोपें, पण ती टिकाऊ करणें अवघड. तयार झालेली कांच भट्टींतून काढून मंदगतीनें निववावी लागते, नाहीं तर आंतला ताण तसाच राहून ती पुढें केव्हां तरी दगा देते. म्हणजे पातेल्यांत कांच उकळवून हळूहळू निवूं देणारी गृहिणी जी खटपट करीत होती, तीच येथें शास्त्रशुद्ध रीतीनें व मोठ्या प्रमाणावर करावयाची होती. पुढें या कारखान्यांत सबंध कंदीलच होऊं लागला. त्याचें नांव ‘प्रभाकर’. सूर्याचें नांव कंदिलाला देण्यांत अतिशयोक्ति होती हें खरें, परंतु ज्या घरांत सूर्यानंतरचा सारा कारभार त्याच्यावरच चाले तेथें ती कोणास खटकली नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत पाळी कांचेची नसून तेलाची आली. १९४२ च्या मार्चांत रंगून पडलें. माघार घेतांना इंग्रजांनीं रंगूनजवळचा तेलशुद्धीचा कारखाना व पाठोपाठ एप्रिलांत येनांगयांगच्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. वर्तमानपत्रांत या बातम्या नकाशांसह छापून आल्या. स्वयंपाकघरांत त्या रिकाम्या बाटलीच्या रूपानें आल्या. घासलेट मापून मिळूं लागलें, रांगा लागल्या, आणि वात बोटभर खालीं उतरली. स्वातंत्र्य आलें तरी रांग गेली नाहीं. फक्त दिव्याचें तेल शहरांत हळूहळू स्टोव्हचें तेल झालें. १९७२ च्या सुमारास टंचाई व महागाई यांनीं कळस गांठला, तेव्हां मुंबईंत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृति बायांच्या पुढारीपणाखालीं हजारों गृहिणी लाटणीं घेऊन रस्त्यावर आल्या. धान्य, तेल, साखर, राकेल या त्यांच्या मागण्या होत्या. ज्या काळजीला घरांत कोणी किंमत देत नव्हतें ती अशी एकदां हातांत लाटणें घेऊन चव्हाट्यावर आली, तेव्हां मंत्र्यांनाहि तिची दखल घ्यावी लागली.

विजेनें हा सारा व्याप संपविला. १९१५ सालीं खोपोलीच्या वीजगृहांतून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. पण खेड्यापाड्यांत दिवे लागावयाला पुढें अर्धशतक जावें लागलें. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालें आणि १९६२ पासून कोयनेची वीज येऊं लागली. ही कोयना कऱ्हाडास येऊन कृष्णेला मिळते. ज्या गांवाच्या शेजारीं प्रभाकर कंदील तयार होत, त्याच गांवच्या नदीनें कंदिलाची गरज संपवावी, हा योगायोग इतिहासानेंच जुळविला. त्याबद्दल हळहळ करण्याचें कारण नाहीं. धुरानें लाल झालेले डोळे, भाजलेले हात, पेटलेले पदर, आणि फुटलेल्या कांचेपायीं खाल्लेलीं बोलणीं हीं ज्यांच्या वांट्यास होतीं, त्यांनीं भिंतीवरचें बटण दाबून उजेड पाडला तो दिवस त्यांच्या मुक्ततेचाच होता. कंदिलाभोंवतींच्या त्या मेळ्याची आठवण काढून आपण गहिंवरतों. पण गहिंवरणारे बहुधा उजेडांत बसलेले असतात, कांच पुसणारे नसतात.

मात्र काळजीची वांटणी विजेबरोबर आपोआप बदलते, ही समजूत चुकीची आहे. कांच गेली, तिच्या जागीं दुसऱ्या शंभर गोष्टी आल्या. गॅसची टाकी केव्हां संपते, पाणी किती वाजतां येतें, बिल भरण्याची मुदत कधीं संपते, हें घरांतल्या एकाच माणसाच्या डोक्यांत असतें, आणि तें माणूस कोणतें हें वाचकांनीं आपापल्या घरीं पाहावें.

आमच्या घरीं माळ्यावर एक जुना कंदील आहे. २००५ नंतरच्या त्या दीर्घ भारनियमनाच्या दिवसांत एका संध्याकाळीं आईनें तो खालीं काढविला. राख कोठली? म्हणून जुन्या वर्तमानपत्राचा बोळा केला. तिच्या हाताला आतां सूज असे. तो कांचेंत जाईना. तिनें संवयीनें नातीला हांक मारली, “अग, जरा एवढी कांच पुसून दे, तुझा हात जाईल आंत.” नात गणितें सोडवीत बसली होती. ती मान वर न करतां म्हणाली, “आजी, दादाचापण हात जातो कीं!” आई क्षणभर थबकली, मग हंसली, आणि तिनें कांच नातवाच्या हातांत दिली. त्यानें ती पुसली, म्हणण्यापेक्षां काजळी सगळीकडे सारखी पसरली. आईनें त्याला वाफ सोडून पुन्हा पुसावयास लाविलें. तिसऱ्या खेपेस कांच स्वच्छ झाली. ती खिडकीकडे धरून, एक डोळा मिटून, त्यानें बराच वेळ तिच्यांतून बाहेर पाहिलें, आणि मग एवढेंच विचारलें, “आजी, तूं हें रोज करायचीस?”

“रोज,” ती म्हणाली, आणि काड्यांची पेटी शोधावयास आंत गेली.